तिसरी तारीख

पहाटे साडेपाचला उठले आणि आधी कपाटातला स्टीलचा डबा काढून पर्समध्ये ठेवला. डब्यात माझं तुटलेलं मंगळसूत्र आहे. डिसेंबर 2022 मध्ये संध्याकाळी शाळेतून घरी येताना मोटारसायकलवरच्या दोघांनी ते गळ्यातून ओढलं. महिन्याभरात पोलिसांनी एकाला पकडलं, दागिना सापडला आणि कोर्टानं तो मला सुपुर्तनाम्यावर दिला. दिला म्हणजे सांभाळायला दिला. विकायचा नाही, मोडायचा नाही, बदल करायचा नाही, कोर्ट सांगेल तेव्हा हजर करायचा. म्हणून सोनाराकडून साधा डागही लावून घेतलेला नाही. एक वाटी चेपलेली आहे, सुटलेले काळे मणी कागदाच्या पुडीत आहेत.

आज तिसरी तारीख. पहिल्या तारखेला आरोपीचे वकील आले नव्हते, दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर होत्या. दोन्ही वेळा माझा चौथीचा वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवून गेले आणि न बोलताच परत आले.

सात चाळीसची एसटी. खिडकीशी बसून फिर्यादीची नक्कल पुन्हा वाचली. फिर्याद देणाऱ्याला ही नक्कल मोफत मिळते, तो त्याचा हक्क आहे. मी तेव्हाच मागून घेतली होती, त्याचा आज फार उपयोग झाला. अडीच वर्षांपूर्वीचा प्रसंग डोळ्यांसमोर स्वच्छ असतो, पण वेळ, अंतर, गाडीचा रंग असे तपशील हातातून निसटतात.

साडेदहाला कोर्टाच्या आवारात पोहोचले. फाटकाशी टंकलेखकांची टेबलं, स्टॅम्पपेपरवाला, चहाची टपरी. भिंतीवरच्या बोर्डात आमचा नंबर 34. कोर्टाच्या ड्युटीवरचे हवालदार लांबूनच म्हणाले, ‘‘बाई, आलात ना? बरं झालं. आधी साहेबांना भेटून घ्या.’’ साहेब म्हणजे सरकारी वकील. त्यांच्या टेबलावर दिवसभराच्या फायलींचा ढीग. पाचच मिनिटं मिळाली, पण त्यांनी कामाचं सांगितलं: जे पाहिलं तेवढंच सांगा, अंदाज बांधू नका, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा.

अकराला कोर्ट बसलं. आधी वॉरंट, जामीन, रिमांड, हजेरी माफीचे अर्ज. साक्षीदारांनी बाहेर थांबायचं. बाहेर एकच बाकडं. त्याच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला आरोपीची आई. मागच्या दोन्ही तारखांना आम्ही अशाच बसलो होतो. ओळख दाखवायची कशी आणि टाळायची तरी कशी, हे तिलाही कळत नव्हतं, मलाही. बाराच्या सुमारास तिनं विचारलं, ‘‘ताई, किती वाजलं?’’ मी वेळ सांगितली. एवढंच बोलणं. तिच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पण साक्ष देणारीनं आणि आरोपीच्या घरच्यांनी चार-चार तास एका बाकड्यावर बसायचं, ही व्यवस्था चुकीची आहे. माझी नुसती साखळीचोरीची केस. गावातल्या दांडगट माणसाविरुद्ध उभ्या राहिलेल्या एखाद्या मुलीनं या बाकड्यावर काय करावं?

साक्षीदाराला दिवसभर बसवून ठेवतात, शेवटी तारीख देतात, त्याला मानानं वागवत नाहीत, ही खंत सर्वोच्च न्यायालयानंच 2000 साली स्वर्णसिंग खटल्याच्या निकालात नोंदवली आहे. कायदाही स्पष्ट आहे. साक्षीदार हजर असेल तर विशेष कारण लिहून ठेवल्याशिवाय त्याला साक्ष न घेता परत पाठवू नये, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 309 कलमात होतं आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आज हे कलम मी चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. पुन्हा तारीख पडली असती तर न्यायाधीश मॅडमना हात जोडून तेच सांगणार होते.

दोनला कोर्ट उठलं. डबा खाल्ला, पण पुकारा चुकेल या धास्तीनं आवार सोडलं नाही.

तीन वीसला पट्टेवाल्यानं माझ्या नावाचा पुकारा केला.

पिंजरा छातीएवढ्या उंचीचा. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी क्रमानं विचारलं, मी सांगत गेले, मॅडम मराठीत मजकूर सांगत होत्या आणि स्टेनो संगणकावर घेत होता. फिर्याद दाखवली, सही माझीच, म्हणून तिला निशाणी पडली. मग डबा उघडला. पुडीतले दोन मणी टेबलावर घरंगळले, ते पट्टेवाल्यानं वेचून दिले. ‘‘हेच का?’’ हेच. चेपलेली वाटी मी बोटानं दाखवली. आरोपीलाही ओळखलं. तुरुंगात तहसीलदारांसमोर झालेल्या ओळख परेडमध्येही मी त्यालाच ओळखलं होतं.

आरोपीच्या वकिलांचा उलटतपास चाळीस मिनिटं चालला. खांबावरचा दिवा किती फुटांवर होता? गाडी तुमच्या मागून आली, मग चेहरा कसा दिसला? तो ओढताना वळला म्हणून दिसला. नंतर त्यांनी नेमकं बोट ठेवलं: गालावरचा व्रण फिर्यादीत लिहिलेला नाही. मला घाम फुटला. व्रण मी त्या रात्री ठाण्यात सांगितला होता. घाबरलेल्या अवस्थेत फिर्याद नीट न वाचता सही केली, ही चूक माझी. बाजू सावरण्यासाठी काहीतरी बोलावं असं क्षणभर वाटलं. पण खरं तेवढंच बोलले: ‘‘मी सांगितलं होतं. का लिहिलं नाही, ते मला सांगता येणार नाही.’’ शेवटी ते म्हणाले, तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहात. असं विचारणं हे त्यांचं काम आहे, आरोपीला तो बचाव मिळालाच पाहिजे. हे मला माहीत होतं, तरी कान तापले. ‘‘हे म्हणणं खरं नाही,’’ एवढंच उत्तर दिलं.

चार पस्तीसला जबानी वाचायला मिळाली. एका ठिकाणी ‘डावा’चं ‘उजवा’ झालं होतं, ते मॅडमनी लगेच दुरुस्त केलं. प्रत्येक पानावर सही केली. नंतर हवालदारांना विचारून भत्त्याचा अर्ज दिला. आधीच्या दोन तारखांना तो मागता येतो हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री आठला घरी. शेजारच्या वहिनी वाटच पाहत होत्या. त्या संध्याकाळी माझी हाक ऐकून त्याच पहिल्या धावत आल्या होत्या, त्यांनाही आता समन्स आलंय. चेहरा उतरलेला. मी काय बोलले ते त्यांना सांगितलं नाही, त्यांनी स्वतः पाहिलं तेच सांगायचं आहे. बाकीचं सगळं सांगितलं: पोलिसांनी घेतलेला जबाब सरकारी वकिलांकडे आधी वाचायला मागा, पाण्याची बाटली आणि डबा न्या, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, भत्ता मागा.

त्यांची तारीख 14 ला आहे. माझी साक्ष झाली आहे, त्यामुळे आता मला आत बसता येईल. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.