दाढेशेजारची घळ

खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतील आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एका कर्करोगाच्या जनुकीय बदलांचा आराखडा मांडला. कर्करोगांच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय प्रकल्पात भारताने स्वतःसाठी निवडलेला हा रोग होता हिरडी आणि गाल यांच्या मधल्या भागाचा. नेमका हाच भाग का, याचे उत्तर सवयीत आहे, तसेच जबड्याच्या घडणीतही आहे. ही घडण माहीत नसल्यामुळे आपण तोंडात चुकीच्या ठिकाणी लक्ष ठेवतो आणि दुखण्याची वाट पाहत बसतो, असे माझे म्हणणे आहे.

दात दुखतो तो त्याच्या रचनेमुळे. बाहेरचे एनॅमल सुमारे ९६ टक्के खनिज असते. शरीरात त्याहून कठीण काही नाही. त्यात नसा नाहीत आणि ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नष्ट होत असल्याने झीज भरूनही येत नाही. कीड आतल्या डेंटिनपर्यंत गेली की थंड-गरम झोंबते. त्याही आत, दाताच्या पोकळीत, रक्तवाहिन्या आणि नसांचा मऊ गर असतो. तो सुजला तर कठीण भिंतींमुळे सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून ठणका असह्य होतो. प्रौढ माणसाच्या बत्तीसही दातांत हीच व्यवस्था आहे आणि तिनेच आपल्याला शिकवले आहे की तोंडात काही बिघडले तर दुखणारच.

दाढेशेजारी मात्र हा नियम लागू पडत नाही. खालच्या हिरडीवरचे अस्तर गालाकडे वळते तिथे एक घळ तयार होते. तंबाखू-चुन्याचा बार याच घळीत, नाहीतर खालच्या ओठामागे धरला जातो आणि तासन्‌तास एकाच जागी मुरतो. तिथे उठणारा पांढरा किंवा लाल चट्टा बहुधा दुखत नाही. गाठ वाढून हाडात शिरली की दात हलू लागतो आणि माणूस दात काढून मोकळा होतो. जखम मात्र भरत नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून दातांची नस जाते आणि तीच पुढे ओठाला संवेदना देते. तिच्यापर्यंत रोग पोहोचला की ओठ बधिर होतो. तोवर बराच उशीर झालेला असतो.

तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी, हा समज खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच कर्ककारक ठरवले. सुपारीने गालाचे अस्तर तंतुमय होऊन आखडते आणि एरवी तीन बोटे सहज मावतील एवढे उघडणारे तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. मिश्री, सुट्टी तंबाखू आणि साधी सुपारी घरोघरी उरलीच आहे.

म्हणून दाढेशेजारची ही घळ आरशात पाहत राहावी. यावर कोणी म्हणेल, नुसते पाहून व्यसन सुटत नाही. ते खरेच आहे. पण जीव वाचू शकतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. दुसरा आक्षेप घबराटीचा. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, आणि केरळचा पुरावा प्रशिक्षित नजरेचा आहे, घरच्या आरशाचा नाही. म्हणूनच आरशाने निदान करू नये, फक्त दवाखाना गाठायचा की नाही एवढे ठरवावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न जाणारा चट्टा, विनाकारण हलणारा दात, बधिर ओठ किंवा कमी उघडणारे तोंड यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्याकडे जावे, दुखत नसले तरी. शाळेत दाताची उभ्या छेदाची आकृती मुले काढतातच. तिच्या शेजारी ही घळही काढून घेतली, तर घरातल्या मोठ्यांचे तोंड पाहणारी एक पिढी तयार होईल.