कारखान्यातील अपघाताची भरपाई स्टॅम्प पेपरवर फिटत नाही

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सोलापूर येथील हजारो घरांची चूल यंत्रमागावर पेटते. या धंद्यात कधी शटल उडून डोळ्यावर बसते, कधी गिअरमध्ये बोटे सापडतात, तर कधी उघड्या वायरचा झटका बसतो. पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. सेठ जखमीला दवाखान्यात नेतो, बिल भरतो. मग चार जाणती माणसे बसतात, पंधरा-वीस हजार रुपये हातावर ठेवले जातात आणि 'माझी आता काहीही मागणी राहिली नाही' असे स्टॅम्प पेपरवर लिहून सही घेतली जाते. कामगार गावी निघून जातो आणि सेठला वाटते की प्रकरण मिटले.

आमच्या वाचकांत माग चालविणारे कामगार आहेत, तसेच आठ-दहा मागांचे छोटे मालकही आहेत. दोघांनाही आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो की, असे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने मिटलेले नसते. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानतच नाही. म्हणून अशा कागदाने कामगाराचे नुकसान होते आणि मालकाचेही संरक्षण होत नाही.

कायदा कोणता?

कामगार नुकसान भरपाईचा मूळ कायदा १९२३ चा. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावात 'कामगार' या शब्दाऐवजी 'कर्मचारी' हा शब्द आला. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि या कायद्याच्या तरतुदी आता तिच्यात सामावल्या आहेत. त्या तारखेपूर्वी झालेल्या अपघाताचा हक्क मात्र संहिता आल्यामुळे बुडत नाही.

तत्त्व जुनेच आहे. काम करीत असताना आणि कामाच्या कारणाने अपघात झाला, तर भरपाई मालकाने द्यावयाची. मालकाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. 'तुझे लक्ष नव्हते' एवढ्या कारणाने हक्क जात नाही. कामगार नशेत असेल, त्याने सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला असेल किंवा यंत्राचे संरक्षक कवच मुद्दाम काढले असेल, तरच मालकाला बचाव मिळतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हा बचावही चालत नाही. नव्या संहितेत घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही धरला आहे, मात्र त्याचा कामाशी वेळेचा व जागेचा संबंध दिसला पाहिजे.

विजेवर चालणाऱ्या कारखान्यात चारच कामगार असले तरी ही जबाबदारी चुकत नाही. कामगार ठेकेदाराने आणलेला असला तरी, ज्याच्या धंद्याचे काम चालले आहे त्या मुख्य मालकाकडे मागणी करता येते. मालकाने ती रक्कम पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी.

दहा किंवा अधिक कामगार असतील तर प्रथम राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, पाहावी. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतनाची मर्यादा २०१७ पासून ठरली आहे. या योजनेतील कामगाराला भरपाई मालकाकडून नव्हे, तर महामंडळाकडून मिळते. तात्पुरत्या अपंगत्वात ती वेतनाच्या ९० टक्के दराने असते. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराने माघारी फिरू नये. महामंडळ त्याला लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते.

हिशोब कसा होतो?

कायम पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के आणि मृत्यूसाठी ५० टक्के रकमेला वयाच्या गुणकाने गुणतात. वय जितके कमी तितका गुणक मोठा. २० व्या वर्षी २२४, ३० व्या वर्षी २०७.९८, ४० व्या वर्षी १८४.१७ आणि ५० व्या वर्षी १५३.०९. जुन्या कायद्याखाली जानेवारी २०२० मध्ये हिशोबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये ठरविण्यात आली होती.

अवयव गेल्यास किती टक्के धरावयाचे याचे परिशिष्ट कायद्यातच आहे. अंगठ्याला ३०, एका हाताच्या दोन बोटांना २०, तीन बोटांना ३०, चार बोटांना ५० आणि एका डोळ्याची दृष्टी गेल्यास ३० टक्के.

समजा, ३० वर्षांचा विणकर महिना १२,००० रुपये कमावतो आणि त्याची एका हाताची तीन बोटे गेली. १२,००० चे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला २०७.९८ ने गुणले की १४,९७,४५६. त्याचे ३० टक्के म्हणजे सुमारे ४,४९,२३७ रुपये. आता ही रक्कम आणि स्टॅम्प पेपरवरचे वीस हजार शेजारी शेजारी ठेवून पाहा.

परिशिष्टातील टक्का हा नेहमीच शेवटचा शब्द नसतो. सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना पडून डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये पूर्ण अपंगत्व मान्य केले. एका हाताने सुतारकाम होत नाही, हे त्यामागील साधे कारण. जखम झाल्यावर माणूस आपले काम करू शकतो का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

जखम बरी होण्यासारखी असेल, तर अपंगत्वाच्या काळात मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्याला मिळते. तिची कमाल मुदत पाच वर्षे आहे.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. दवाखान्याचे बिल भरणे म्हणजे भरपाई नव्हे. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यावयाचा आहे. दुसरे, सेठकडून घेतलेली उचल भरपाईतून कापून घेता येत नाही. उचलीचा हिशोब वेगळा ठेवावा.

तडजोड करावयाची असेल तर

तडजोडीला कायद्याची मनाई नाही. पण कराराची नोंद सक्षम अधिकाऱ्यापुढे झाली पाहिजे. रक्कम अपुरी आहे किंवा दबावाने सही घेतली आहे असे दिसले, तर अधिकारी नोंद नाकारू शकतो. मृत्यूच्या प्रकरणात रक्कम त्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हाती परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरला जात नाही. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम एवढाच त्याला अपवाद आहे.

अपघाताच्या दिवशी काय करावे?

दवाखान्यात 'मागात हात सापडला' असेच नोंदवून घ्यावे. घरी पडलो, रस्त्यात लागले, असे कोणाच्या सांगण्यावरून लिहू देऊ नये. तोच कागद पुढे आडवा येतो. अपघात गंभीर असल्यास पोलिसांत नोंद व पंचनामा करावा. मालकाला लेखी कळवून त्याची प्रत जपावी. शेजारच्या मागावरील दोन कामगारांची नावे व गावचे पत्ते लिहून ठेवावेत. हजेरी कार्ड, मीटरचा हिशोब, पगाराच्या चिठ्ठ्या, मोबाईलवर आलेल्या रकमांची नोंद, जे असेल ते सांभाळावे. रोख मजुरी घेणाऱ्याचे वेतन पुढे याच कागदांवरून ठरते.

दाव्याची मुदत दोन वर्षे आहे. सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून आलेला कामगार गावी परतला असेल तर त्याला भिवंडीच्या फेऱ्या मारण्याची सक्ती नाही. तो जेथे राहतो तेथील अधिकाऱ्याकडेही दावा दाखल करता येतो.

वकील कोठून आणावा?

महाराष्ट्रात आजवर बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्ताचे काम पाहत आले आहेत. नव्या संहितेत 'सक्षम अधिकारी' असा शब्द आहे. आपल्या जिल्ह्यात अर्ज कोठे द्यावयाचा, हे कामगार आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावे.

वकिलाच्या फीची भीती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अपंग व्यक्तींना मोफत वकील मिळतो व त्यासाठी उत्पन्नाची अट आड येत नाही. म्हणजे जखमी विणकर आणि मृत विणकराची विधवा, दोघेही पात्र आहेत. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुका न्यायालयात तालुका समितीचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीसुद्धा कामगाराची बाजू मांडू शकतो.

दवाखान्याच्या दारात 'पैसे मिळवून देतो, पण निम्मे माझे' असे म्हणणारे दलाल भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. निकालाच्या रकमेतील वाटा फी म्हणून ठरविण्यास वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. कोऱ्या कागदावर सही तर कोणालाच देऊ नये.

मालकांनी हेही पाहावे

भरपाई एक महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के साधे व्याज लागते आणि उशिराला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणातील प्रकरण तीन वर्षे रेंगाळले तर सुमारे १,६१,७२५ रुपये व्याज आणि २,२४,६१८ रुपयांपर्यंत दंड, म्हणजे एकूण आकडा ८ लाख ३५ हजारांच्या वर जातो. आठ मागांच्या मालकाला हा बोजा माग विकायला लावणारा आहे. जो ईएसआयमध्ये नाही त्याने कामगार भरपाईचा विमा सर्वसाधारण विमा कंपनीकडून घ्यावा. विम्याचा हप्ता हजेरीपटावरील वेतनावर ठरतो, म्हणून सर्व कामगारांची नावे पटावर असावीत. ज्याचे नाव दडविले, त्याच्या अपघाताच्या वेळी कंपनी हात वर करते. दंडाची रक्कम तर कोणत्याही पॉलिसीत मालकाच्याच खिशातून जाते.

सूत, वीज आणि भाडे यांचा हिशोब आपण महिन्याच्या महिन्याला ठेवतो. विम्याचा हप्ता आणि हजेरीपट त्याच वहीत असावा, अशी आमची मालकांना सूचना आहे. कामगारांना एवढेच सांगणे आहे की, सहीसाठी कागद पुढे आला तर तो आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवा. सल्ला फुकट आहे आणि दोन वर्षांची मुदत अपघाताच्या दिवसापासून सुरू झालेली असते.