जुन्या जीपचे दोन छोटे दांडे

जीपगाडी म्हटली की आपल्याला निवडणुकीचा प्रचार आठवतो, नाहीतर तहसीलदार. विलीज कंपनीने १९५३ साली अमेरिकेत सीजे-३बी आणली. पुढे महिंद्रने ती आपल्याकडे बनवली. इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच.

गिअर तीनच. पहिल्याला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा, मध्ये जराशी रेस द्यायची. नाहीतर दाते असे करकरतात की शेजारचा माणूस आपल्याकडे बघतो.

खरी गंमत गिअरशेजारच्या दोन छोट्या दांड्यांत. एक पुढच्या चाकांनाही इंजिनला जोडतो. मग दुसऱ्याने ‘लो’ टाकायचा: वेग जवळजवळ अडीच पट कमी, जोर तितकाच जास्त.

मित्राच्या जीपमधून आम्ही भोरकडे एक ओढा ओलांडला. पुढच्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी थांबेचना! ड्रममध्ये पाणी शिरलेलं. लो आणि पहिला गिअर होता, म्हणून इंजिननेच तिला धरून ठेवलं.

खाली डांबरी रस्ता लागला आणि दांडे सोडवायचे मी विसरलो. वळणावर स्टिअरिंग दगडासारखं झालं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरावर घसरायला जागा नसते. गाडी जरा मागे घेतली, तेव्हा कुठे दांडा सुटला.

हायवेवर मात्र ही गाडी नेऊ नये. साठच्या पुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पाठीचं तर विचारूच नका.