तडीपारी एकाची, झळ घरादाराला!
रावडी शीट आणि हद्दपारीचा कायदा नेमका काय सांगतो?

सण किंवा निवडणूक जवळ आली की सीमाभागात दोन शब्द हमखास कानावर पडतात. इकडे बेळगाव-निपाणीत 'रावडी शीट', तर तिकडे कोल्हापूर-सांगलीत 'तडीपार'. दोन्ही कारवाया ठरावीक माणसांवर असतात. पण त्यांची झळ अख्ख्या घराला बसते.

रावडी शीट म्हणजे काय?
ही न्यायालयाची शिक्षा नव्हे, पोलीस ठाण्यातली नोंद आहे. कर्नाटक पोलीस मॅन्युअलमधील आदेश क्र. १०५९ नुसार ती ठेवली जाते. नाव चढले की ठाण्यात हजेरी, परेड, बाँड आणि घरी चौकशी सुरू होते. एखादा सुधारून कामधंद्याला लागला, तरी दारात पोलिसांची गाडी थांबली की गल्लीत कुजबुज होतेच. हजेरीच्या दिवशी रोजगार बुडतो. घर भाड्याने मिळताना, बहिणीचे लग्न ठरवताना जुनी नोंद आडवी येते. भाषिक आंदोलनातील कार्यकर्त्यांवरही शीट उघडल्याने सीमाभागात हा विषय अधिक नाजूक झाला आहे.

तडीपारी कशी होते?
महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दपार करता येते. परवानगीशिवाय परतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा आदेश महाराष्ट्रातील हद्दीपुरता असतो. त्यामुळे कागलचा माणूस निपाणीत पाहुण्यांकडे राहू शकतो. पण धंदा, शेती आणि म्हातारे आई-बाप मागेच राहतात. घर चालवायची जबाबदारी बायकोवर येते आणि कोर्टाच्या तारखांचा खर्चही तिलाच भागवावा लागतो.

न्यायालये काय म्हणतात?
पाळतीवरील माणसाच्या घरी रात्री-अपरात्री पोलिसांनी जाणे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच खरक सिंग खटल्यात घटनाबाह्य ठरवले. जालन्यातील एक तडीपारी रद्द करताना जानेवारी २०२२ मध्ये, हा असाधारण उपाय असून जपूनच वापरावा, असे सांगितले. मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात, हिस्ट्री शीटमध्ये अल्पवयीन नातेवाइकांची नावे सरसकट घालू नयेत आणि नोंदींचा वेळोवेळी फेरआढावा घ्यावा, असे बजावले.

दुसरी बाजू
खंडणी, दमदाटी सोसणाऱ्या दुकानदाराला पोलिसांचा वचक हवाच असतो. भीतीपोटी साक्षीदार पुढे येत नाहीत, म्हणून तर हा कायदा आहे. मात्र, जुन्या मुंबई प्रांताने 'गुन्हेगार जमाती'चा शिक्का मारून पारधी, कंजारभाट अशा समाजांना वसाहतींत डांबले होते. १९५२ मध्ये देशभरातून तो कायदा गेला, पण संशयाची नजर अजून गेलेली नाही.

घरच्यांनी काय करावे?
• तडीपारीपूर्वी लेखी नोटीस व बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे (कलम ५९). नोटीस टाळू नका. वकिलामार्फत उत्तर द्या.
• आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते (कलम ६०).
• लग्न, आजारपण, मयत यासाठी तात्पुरत्या परवानगीचा लेखी अर्ज करा.
• खटल्यातून सुटका झाली असेल, तर निकालाची प्रत जोडून शीट बंद करण्याचा अर्ज वरिष्ठांकडे द्या.
• वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.