भिंत नसलेला मुक्त व्यापार

मुक्त व्यापार क्षेत्र म्हटलं की कांडला आठवतं, अंधेरीचं सीप्झ आठवतं. भिंत, फाटक आणि फाटकाच्या आत निराळे नियम. बुलडाण्यात असं काही झालं नाही. पण जिल्ह्याचा घाटाखालचा, कापसाचा मुलूख दीडशे वर्षांपूर्वी जवळपास तसाच चालवला गेला, फक्त भिंत नव्हती.

१८५३मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आलं. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर इकडे वळली. १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब–खामगाव रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला आला. जेमतेम १३ किलोमीटर रुळांसाठी व्हाइसरॉय! १८८२मध्ये विलायती कापडावरचं आयातशुल्कही उठलं. रुई इथून जायची, कापड तिथून यायचं.

रुईबरोबर आणखी काय गेलं, ते बाजाराच्या वहीत कधी चढलं नाही. गवताची पडीक जमीन वहितीत आली, चराई आटली. कापसाची मऊ, लांब धाग्याची ‘बनी’ जात मागे पडली आणि जास्त रुई देणारी ‘जरी’ जात पसरली. १८९९-१९००मध्ये पाऊस रुसला तेव्हा कापूस गेला, ज्वारी गेली, कडबाही गेला. गावच्या चराईला आम्ही आजही ‘ई-क्लास’ म्हणतो. इंग्रजी महसुलातलं ते अक्षर टिकलं. गवत फारसं टिकलं नाही.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. हा दोष व्यापाराच्या माथी मारू नये, ती भूगर्भाचीच देण. पण अशा जमिनीत खोल मुळांचा देशी कापूस तग धरायचा. २००२नंतर बीटी कापसाचं संकरित बियाणं आलं, त्यामागे खत आणि फवारण्या. २०१७च्या हंगामात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडून चिकटलेली.

१९ ऑगस्ट २०२५ला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं; आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे सीतादहीची पूजा होऊन पहिल्या वेच्याचा कापूस ओसरीवर येतो, त्याच दिवसांत त्या वर्षी बाहेरच्या गाठी बंदरात बिनशुल्क उतरल्या. भाव पडला की कास्तकार आणखी एका वेच्याच्या आशेने शेत मोडत नाही. अशी फरदड ठेवू नका, गुलाबी अळीला घर मिळतं, असं कृषी विभाग सांगत राहतो. पऱ्हाटी जानेवारी उलटली तरी उभीच.