दौडीनंतरची मळमळ

जानेवारीतील मुंबई मॅराथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटर अंतर पुरे करून जे धावपटू समाप्तिरेषा ओलांडतात, त्यांपैकी कितीएकांच्या पोटात त्या आनंदाच्या क्षणीच डचमळून येते, तोंडाला पाणी सुटते, कोरडे उमासे येऊ लागतात, आणि ज्या घटकेची त्यांनी महिनोन् महिने वाट पाहिली ती घटका रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून काढावी लागते. हा त्रास इतका सार्वत्रिक आहे की पुष्कळांनी तो लांब धावण्याचा अपरिहार्य भाग म्हणून मुकाट्याने स्वीकारला आहे. काही तरी बाधले असेल, एवढ्या एका वाक्यावर त्याची वासलात लागते. मला हे मान्य नाही. या मळमळीची कारणे आज बऱ्याच अंशी ज्ञात आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा बंदोबस्त शर्यतीपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत करता येण्याजोगा आहे.

मूळ कारण रक्ताच्या वाटणीत आहे. विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा पचनसंस्थेच्या वाट्याला येतो. परंतु मनुष्य वेगाने आणि दीर्घकाळ धावू लागला, की दुष्काळाच्या साली इतर खात्यांची तरतूद कापून ती एकाच कामी लावणाऱ्या दिवाणाप्रमाणे शरीर ते रक्त मांड्यांच्या व पोटऱ्यांच्या स्नायूंकडे आणि घाम गाळणाऱ्या त्वचेकडे वळवते. श्रम अतितीव्र असतील तर आतड्यांचा पुरवठा ऐंशी टक्क्यांपर्यंतही घटू शकतो. प्राणवायूवाचून आतड्यांचे नाजूक अस्तर दुखावते, जठर रिते होण्याची क्रिया मंदावते, आणि वाटेत प्यालेले पाणी पुढे न सरकता पोटातच हिंदकळत राहते. त्यात प्रत्येक पावलागणिक बसणाऱ्या हादऱ्याची भर पडते. हवा दमट असली म्हणजे घाम वाळत नाही, त्वचेची रक्ताची मागणी आणखी वाढते, आणि पोटाची उपासमार अधिकच होते. मुंबईत पहाटे निघालेला संथ गतीचा धावपटू परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ चढू लागतो तेव्हा ऊन चढलेले असते, पाय थकलेले असतात, आणि पोटातला हा सारा बिघाड नेमका तेथेच डोके वर काढतो.

पाण्याच्या बाबतीत मनुष्याने दोन्ही टोकांच्या चुका करून पाहिल्या आहेत. १९०४ साली सेंट लुई येथील ऑलिंपिक मॅराथॉन ऑगस्टच्या कडक उन्हात, धुळीच्या रस्त्यांवरून झाली. वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच, आणि पाणी तुटल्यास शरीराचे काय होते हे अजमावण्याचाही संयोजकांचा हेतू होता. निघालेल्या ३२ जणांपैकी १४ जणच शर्यत पुरी करू शकले. विजेता ठरलेल्या थॉमस हिक्सने पाणी मागितले असता साहाय्यकांनी ते नाकारून त्याचे केवळ तोंड ओले केले, आणि स्ट्रिक्नीन हे विष, अंड्याचा पांढरा बलक व ब्रँडी त्याच्या पोटात घातली. ही हकीकत वाचताना आजही अंगावर काटा येतो. पुढे मात्र लंबक उलट दिशेला गेला, आणि तहान असो वा नसो, पाणी पीतच राहावे असा उपदेश रूढ झाला. २००२ सालच्या बॉस्टन मॅराथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या रेषेखाली उतरलेले आढळले. आणि धावताना ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते त्यांच्यात हा दोष विशेष होता. या अवस्थेचेही एक आरंभीचे लक्षण मळमळ हेच असल्यामुळे, ओकारी येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पाण्याची बाटली देणे हा उपचार नव्हे.

तेव्हा आपल्याला किती पाणी लागते हे ज्याचे त्याने शोधले पाहिजे, आणि त्याची रीत सोपी आहे. रविवारच्या लांब धावेपूर्वी आणि नंतर, अंग पुसून, वजन करावे; एक किलो घटले म्हणजे, वाटेत जे प्यालो त्याखेरीज, सुमारे एक लिटर घाम गेला. तेवढे सगळे धावताना भरून काढण्याची जरुरी नाही. तहानेप्रमाणे घोट घोट घ्यावे, परंतु वजन वाढेल इतके कदापि पिऊ नये.

खाण्याचेही असेच आहे. दीर्घ दौडीत तासाला ३० ते ६० ग्रॅम शर्करा पुरते, पण ती घेण्याचा सराव पायांइतकाच पोटालाही द्यावा लागतो. काही आठवड्यांच्या सवयीने आतडी ती अधिक सहजतेने शोषू लागतात. वर्षभर नुसत्या पाण्यावर धावून शर्यतीच्या दिवशी प्रथमच जेलची पुडी फोडणारा मनुष्य संकट ओढवून घेत असतो. तीच पुडी पाण्यावाचून किंवा गोड पेयाबरोबर घेतली, तर जठरात शर्करेचा दाट राब साचून उमासे येतात. आदल्या रात्री उसळी, तळण आणि मसालेदार रस्से टाळावेत. पहाटे साबुदाण्याची खिचडी हलकी म्हणून खाणारे पुष्कळ आहेत; दाण्याचे कूट आणि तूप यांमुळे ती जठरात रेंगाळते. त्यापेक्षा दोन-तीन तास आधी केळे, पाव-जॅम किंवा मऊ भात बरा. अंगदुखीच्या धास्तीने आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन धावण्याची चाल तर सर्वथा त्याज्य आहे. आधीच रक्ताला पारख्या झालेल्या आतड्यांना आणि मूत्रपिंडांना ती आणखी इजा करते.

सर्वांत मोठे कारण मात्र वेग हेच. आरंभीच्या गर्दीच्या उत्साहात पेलणार नाही अशी गती धरली, की उत्तरार्धात पोट बंड करते; उकाड्याच्या दिवशी ठरवलेली वेळ विसरून गती कमी करण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

समाप्तिरेषा ओलांडताच थबकून उभे राहू नये. धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते एकाएकी थांबले की रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो, भोवळ आणि मळमळ येते. दहा-पंधरा मिनिटे चालावे. चालवत नसेल तर सावलीत आडवे होऊन पाय उंच ठेवावेत. पोट निवळेपर्यंत काही खाऊ नये. मग एका पुडीला एक लिटर या प्रमाणात केलेले ओआरएस लहान लहान घोटांनी घ्यावे, आणि त्यानंतर मिठाची पेज.

एवढे करूनही ओकारी थांबत नसेल, बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग तापून फणफणले, छातीत किंवा डाव्या हातात कळ आली, ओकारीत रक्त दिसले किंवा लघवी काळपट तांबडी झाली, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता वैद्यकीय कक्ष गाठावा, आणि आपण किती पाणी प्यालो व कोणती गोळी घेतली हे तेथील डॉक्टरांना प्रथम सांगावे.