जिनकांची : रेशीमनगरीतील कापसाची टेकडी

तामिळनाडूत, चेन्नईपासून सुमारे ७५ किलोमीटरांवर, कांचीपुरम् ही पुरातन मंदिरनगरी वसली आहे. आठव्या शतकाच्या प्रारंभी पल्लव राजा राजसिंहाने उभारलेले कैलासनाथ मंदिर, एकांबरेश्वराचे उत्तुंग गोपुर, वरदराज पेरुमाळाचा शिल्पमंडित स्तंभमंडप आणि कामाक्षीचे मंदिर पाहून बहुतेक यात्रेकरू साड्यांच्या दुकानांकडे वळतात. शिवकांची व विष्णुकांची त्यांना घडते. जिनकांची मात्र राहून जाते.

वेगवती नदीपलीकडील तिरुपरुत्तिकुन्रम् हे गाव म्हणजेच जिनकांची. येथील त्रैलोक्यनाथ जिनालयात भगवान वर्धमान विराजमान आहेत. विजयनगरचा मंत्री व सेनापती इरुगप्प याने आपले गुरू पुष्पसेन मुनी यांच्या प्रेरणेने १३८७ च्या सुमारास येथे संगीतमंडप बांधला. त्याच्या छतावर तीर्थंकरांची चरित्रे रंगविलेली आहेत.

नगरीत परतल्यावर हातमागांचा आवाज कानी येतो. अस्सल कांजीवरम् साडीत अंग आणि काठ वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंफतात. या पद्धतीला ‘कोर्वै’ म्हणतात. त्यासाठी एका मागावर बहुधा दोघांना बसावे लागते. ही कला निःसंशय वंदनीय आहे. परंतु तिचा धागा कोठून येतो, हा प्रश्न श्रावकाला टाळता येत नाही. पतंग बाहेर पडला की कोश फाटतो व धागा तुटतो. म्हणून आतील जीवासह कोश वाफेने किंवा उष्णतेने मारले जातात. एका साडीमागे असे हजारो कोश असतात. तरीही अनेक जैन घरांत पूजेसाठी रेशमी वस्त्रच शुद्ध मानण्याची रूढी आहे. ज्या वस्त्रासाठी त्रस जीवांचा घात झाला, ते वीतरागाच्या पूजेत शुद्ध कसे ठरावे?

याचा अर्थ विणकराकडे पाठ फिरवावी, असा नव्हे. त्याचे कौशल्य रेशमाशीच बांधलेले नाही. कांचीच्या नावाने सुती साड्याही विणल्या जातात. पतंग उडून गेल्यानंतरच्या कोशांपासून कातलेले अहिंसा रेशीमही मिळते. त्याची झळाळी थोडी कमी असते, इतकेच. मागणी बदलली तर मागावरचा धागाही बदलू शकेल.

तमिळ भाषेत ‘परुत्ति’ म्हणजे कापूस आणि ‘कुन्रम्’ म्हणजे टेकडी. रेशमासाठी विख्यात असलेल्या नगरीत जिनेश्वरांचे स्थान कापसाच्या नावाने ओळखले जावे, हा योगायोग असेल. पण खरेदीला निघालेल्या श्रावक-श्राविकांनी तो मनात ठेवावा.